दुकानाचा संगणक : नवा घेण्याआधी दुखणे ओळखा

कापडाच्या धंद्यात बिल, उधारी, मालाचा साठा आणि जीएसटी हे सारे आता संगणकावर आले आहे. जीएसटीआर-३बी भरण्याची २० तारीख जवळ आली की नेमका हाच संगणक रेंगाळतो आणि दुकानदार वैतागून नवा घ्यायला निघतो. आमचे म्हणणे एवढेच की, आधी दुखणे ओळखा, मग पैसा खर्च करा.

पहिले काम, हिशेबाची नक्कल. संगणकाला हात लावण्यापूर्वी सर्व खाती वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्या आणि ती डिस्क घरी ठेवा. यंत्र बाजारात पुन्हा मिळते, उधारीची पुसलेली नोंद मिळत नाही.

दुसरे, सफाई. आपल्या दुकानात सुताचा तूस सतत उडतो. तो आतल्या पंख्यात अडकला की गरमी बाहेर पडत नाही आणि प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. प्लग काढून मऊ ब्रशाने व हवेने सफाई करावी. हवा मारताना पंखा फिरू देऊ नये. संगणक जमिनीवर ठेवू नये.

तिसरे, तपासणी. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. नेहमीचे काम चालू ठेवून पाहा. डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल तर फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवा. फरक लगेच जाणवेल. मेमरी भरत असेल तर रॅम ४ ऐवजी ८ जीबी करा. मात्र डीडीआर३च्या जागी डीडीआर४ बसत नाही, म्हणून जुनी पट्टी दाखवूनच नवी घ्या.

खर्चापूर्वी आणखी एक खबरदारी. मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. सुरक्षेच्या सुधारणा न मिळणाऱ्या संगणकावर बँकेचे व्यवहार करणे जोखमीचे आहे. विंडोज ११साठी टीपीएम २.० आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर लागतो. तुमचा संगणक त्यात बसत असेल तर दुरुस्ती फायद्याची. बसत नसेल तर विरलेल्या कापडाला नवे अस्तर लावण्यात नफा नाही. तेथे नवाच घ्यावा.