लष्करी ट्रेलर आणि मुलकी वाहन : जोडणी व दिवाबत्ती

लष्कराने सेवेतून कमी केलेली वाहने व सामग्री लिलावाने विकण्याची पद्धत जुनी आहे. हल्ली असे लिलाव मोठ्या प्रमाणावर एमएसटीसी या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीमार्फत संगणकाद्वारे होतात. बेळगाव, महू, जबलपूर यांसारख्या लष्करी ठाण्यांच्या आसपास अशा सामग्रीतील दोन चाकी ट्रेलर एखाद्या शेतकऱ्याच्या खळ्यात अथवा संस्थेच्या आवारात दिसला, तर त्यात नवल नाही. पाण्याची पिंपे, दुधाचे कॅन, बियाण्यांची पोती, सभामंडपाचे सामान वाहण्यास हे साधन उपयुक्त असते. त्याची बांधणी भक्कम असते व किंमतही बेताची पडते. तथापि, जे वाहन रणभूमीसाठी घडविले गेले, ते आपल्या जीपमागे बांधले म्हणजे काम संपले, असे समजणे धोक्याचे आहे.

प्रस्तुत लेखकास हा धडा चोर्ला घाटात मिळाला. काही वर्षांपूर्वी एका गावातील चित्रपट-प्रदर्शनाचा कार्यक्रम आटोपून आम्ही रात्री परतत होतो. जीपमागे जुना लष्करी ट्रेलर होता व त्यात विद्युत्‌जनित्र ठेवलेले होते. पाऊस पडत होता. एका वळणावर मागून आलेली बस करकचून ब्रेक लावीत ट्रेलरपासून जेमतेम हातभर अंतरावर थांबली. चालक खाली उतरला. तो रागावला नाही; त्याने केवळ ट्रेलरच्या मागील दिव्याकडे बोट दाखवून म्हटले, “साहेब, हा दिवा आहे की काजवा?” निघण्यापूर्वी आम्ही दिवे लागतात की नाही, एवढेच पाहिले होते, ते किती लागतात, हे पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी बल्ब काढून पाहिला, तेव्हा त्याच्या पितळी टोपणावर २४ व्होल्ट असा ठसा आढळला. आमची जीप होती १२ व्होल्टची.

तीन पिढ्या, तीन दाब

या चुकीचे मूळ इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने जीपबरोबर पाव टनाचा लहान ट्रेलर वापरला. जीपची व ट्रेलरची चाके परस्परांस बसतील अशी योजना होती. पाच बोल्ट साडेपाच इंच व्यासाच्या वर्तुळावर असत. खडबडीत जमिनीवर त्याची भारक्षमता ५०० पौंड, म्हणजे सुमारे २२७ किलो होती. त्या जीपची विद्युत्‌योजना ६ व्होल्टची होती. पुढे १९५० च्या सुमारास आलेल्या एम-३८ या लष्करी जीपपासून २४ व्होल्टची योजना रूढ झाली. मुलकी जीपगाड्या मात्र १२ व्होल्टवर स्थिरावल्या. भारतात महिंद्र कंपनीने १९४७ साली विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि तिच्या पुढील पिढ्या आपल्या खेडोपाडी परिचित झाल्या. परिणामी, बाहेरून सारखेच दिसणारे ट्रेलर वेगवेगळ्या विद्युत्‌दाबांचे असू शकतात. म्हणून रंगावरून वा आकारावरून अनुमान न करता प्रत्येक बल्बवरील ठसा वाचावा.

२४ व्होल्टचा तारेचा बल्ब १२ व्होल्टवर लावल्यास तो पेटतो खरा. परंतु त्याचा प्रकाश मूळच्या सुमारे दहाव्या हिश्शावर येतो. उलट, ६ व्होल्टचा बल्ब १२ व्होल्टवर जळून जातो. जळालेला दिवा निदान ध्यानात येतो. मंद दिवा मात्र फसवितो.

कडे, आकडा आणि तोल

लष्करी ट्रेलरच्या ओढदांड्यास पुढे जाड लोखंडी कडे असते व ते लष्करी वाहनाच्या मिटणाऱ्या आकड्यात अडकते. नाटो राष्ट्रांच्या मानकात या कड्याचा आतील व्यास ७६ मिलिमीटर आहे. मुलकी हलक्या वाहनांवर सामान्यतः ५० मिलिमीटर व्यासाचा गोळा असतो. कडे गोळ्यावर ठेवून तारेने आवळणे हा शुद्ध अविचार होय. एक तर वाहनाच्या चौकटीस योग्य आकडा बोल्टने बसवावा, अथवा ओढदांड्याचे टोक गोळ्यास जुळणारे घ्यावे. आकडा केवळ बंपरला जोडू नये. त्याखेरीज दोन साखळ्या ओढदांड्याखाली एकमेकींना छेदून बांधाव्यात, म्हणजे आकडा निसटल्यास दांडा जमिनीत न रुतता साखळ्यांवर तोलला जाईल.

बैलगाडी हाकणाऱ्यास तोल शिकविण्याची गरज नाही. मागे भार अधिक झाला की गाडी उलाळ होते. पुढे अधिक झाला की तो बैलांच्या मानेवर येतो. ट्रेलरचेही तसेच आहे. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा आकड्यावर यावा आणि सपाट जागी ट्रेलर समपातळीत उभा राहावा. भार मागे गेल्यास वेगात ट्रेलर डावीउजवीकडे झोके घेऊ लागतो. लहान जीप-ट्रेलरला चालू स्थितीतील ब्रेक नसत, केवळ उभे करण्याचा हातब्रेक असे. यास्तव थांबविण्याचा सारा भार पुढील वाहनावर पडतो. वेग व अंतर त्या हिशेबानेच राखावे.

विद्युत्‌जोडणी

लष्करी ट्रेलरची बारा टोकांची जोडणी मुलकी वाहनाशी जुळत नाही. ती काढून आंतरराष्ट्रीय मानक १७२४ प्रमाणे १२ व्होल्टचे सात टोकांचे सॉकेट बसविणे श्रेयस्कर. त्यातील तारांचा क्रम असा : १) पिवळी – डावा दिशादर्शक, २) निळी – मागील धुक्याचा दिवा, ३) पांढरी – भूतार, म्हणजेच अर्थिंग, ४) हिरवी – उजवा दिशादर्शक, ५) तपकिरी – उजवा मागील दिवा, ६) लाल – ब्रेकचा दिवा, ७) काळी – डावा मागील दिवा.

येथे चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, तेवढ्याच वॅटसाठी २४ ऐवजी १२ व्होल्टवर दुप्पट प्रवाह लागतो. २१ वॅटचे ब्रेकचे दोन दिवे १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर घेतात. म्हणून जुन्या, कुजक्या तारांवर विसंबू नये. तारा नव्या व पुरेशा जाडीच्या घालाव्यात आणि फ्यूज लावावा. दुसरी, भूतार स्वतंत्र असावी. गंज व वंगण यांनी माखलेल्या आकड्यातून प्रवाह नीट परतत नाही. दिशादर्शकाबरोबर मागील दिवाही लुकलुकू लागला, तर भूतार सदोष आहे असे समजावे. तिसरी, अमेरिकन धाटणीच्या लष्करी ट्रेलरमध्ये ब्रेक व दिशादर्शक यांचे काम एकच दिवा करतो; आपल्याकडे ते दिवे निराळे असतात. सबब नारिंगी दिशादर्शक वेगळा बसवावा. लष्करी तांड्यासाठी असलेला अंधुक दिवा हा मागील दिव्याचा पर्याय नव्हे, कारण तो शत्रूस दिसू नये म्हणूनच केलेला असतो. चौथी, अलीकडच्या वाहनांत दिव्यांवर संगणकीय नियंत्रण असते. तेथे मूळ तारेस टाका न मारता जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून रिलेची पेटी बसवून घ्यावी.

संधिकालीन कसोटी

जोडणी झाल्यावर सायंकाळी एकाने वाहनात बसावे व दुसऱ्याने पन्नास पावले मागे उभे राहावे. प्रथम मागील दिवे लावावेत, मग ते चालू ठेवूनच ब्रेक दाबावा, नंतर दोन्ही दिशादर्शक क्रमाने द्यावेत. प्रत्येक खूण निराळी व स्पष्ट ओळखू आली, तरच काम पूर्ण झाले असे मानावे. मागे दोन्ही कडांस लाल परावर्तकही लावावेत. दिवा विझला तरी ते मागच्या वाहनाच्या प्रकाशात चमकतात.

कागदपत्रे

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर हेही मोटार वाहनच होय. संरक्षण दलांच्या वाहनांची नोंदणी कलम ६० अन्वये स्वतंत्रपणे होते. परंतु ते वाहन संरक्षणकार्यातून मुक्त होताच कलम ३९ व ४० लागू होतात, म्हणजेच मुलकी नोंदणी अनिवार्य ठरते. यासाठी विक्रीची मूळ कागदपत्रे जपून ठेवावीत आणि लिलावात बोली लावण्यापूर्वीच परिवहन कार्यालयात जाऊन अशा ट्रेलरची नोंदणी होईल किंवा नाही, याची चौकशी करावी. लिलावातील माल जसा असेल तसा, जेथे असेल तेथून उचलावा लागतो. मागाहून केलेल्या तक्रारीस फारसा अर्थ उरत नाही.

पंचायतीचे पदाधिकारी, संस्थाचालक व शाळेतील विज्ञानशिक्षक यांनी मनावर घेतले, तर ही संधिकालीन कसोटी गावातील ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांनाही लावता येईल. अंधारात बिनदिव्यांची उभी राहणारी ट्रॉली आणि आमचा घाटातील ट्रेलर यांत धोक्याच्या दृष्टीने काहीच अंतर नाही. मागचा दिवा चालकाला स्वतःला दिसत नाही. मागून येणाऱ्या अनोळखी माणसाचा जीव मात्र त्यावर अवलंबून असतो. त्या रात्री बसचालक सावध होता, म्हणून हा लेख लिहिता आला.