कर्करोग, ‘क’ जीवनसत्त्व आणि पुराव्याची कसोटी

आजचे युग विज्ञानाचे आहे, असे आपण नेहमी म्हणतो. परंतु घरातील एखाद्या भगिनीचा स्तनाचा कर्करोग हाडांत, यकृतात किंवा फुप्फुसांत पसरला, की विज्ञान बाजूला राहते आणि जो जे सांगेल ते करण्याकडे कुटुंबाचा कल होतो. अशा वेळी सुचविला जाणारा एक उपाय म्हणजे ‘क’ जीवनसत्त्वाची प्रचंड मात्रा. ‘जीवनसत्त्वच ते, त्याने अपाय काय होणार?’ असेही सांगितले जाते. या उपायाचा इतिहास आपल्या सभासदांनी व विद्यार्थ्यांनी समजून घ्यावा, म्हणून हा लेखप्रपंच.

या उपायाला प्रतिष्ठा मिळाली ती थोर अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लिनस पॉलिंग यांच्यामुळे. १९५४ चे रसायनशास्त्राचे आणि १९६२ चे शांततेचे अशी दोन नोबेल पारितोषिके त्यांच्या नावावर आहेत. स्कॉटलंडमधील व्हेल ऑफ लेव्हन रुग्णालयाचे शल्यविशारद इवन कॅमेरॉन यांच्यासह त्यांनी १९७६ साली एक निबंध प्रसिद्ध केला. इलाज संपलेल्या १०० कर्करुग्णांना रोज सुमारे १० ग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व दिले होते. माणसाची रोजची गरज १०० मिलिग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे ही मात्रा जवळजवळ शंभरपट झाली. जुन्या नोंदींतील १,००० रुग्णांशी तुलना करून, जीवनसत्त्व घेतलेले रुग्ण चौपटीहून अधिक काळ जगले, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

आम्ही बँकेत काम करणारी माणसे. दोन खाती ताडून पाहायची तर दोन्ही एकाच तारखेपर्यंतची हवीत, हे आम्हांला रोज पाळावे लागते. इथे आक्षेप नेमका तोच होता. ‘आता इलाज नाही’ ही तारीख एका गटासाठी रुग्ण समोर असताना ठरली, तर दुसऱ्यासाठी जुन्या कागदांवरून मागाहून ठरविली गेली. ज्यांचे दिवस लवकर मोजायला घेतले, ते अधिक जगल्यासारखे दिसणारच.

म्हणून अमेरिकेतील मेयो क्लिनिकने नीट चाचणी केली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एकाला जीवनसत्त्व, दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. कोणाला काय मिळते, हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरलाही. १९७९ साली निकाल आला : फरक नाही. आधीच्या केमोथेरपीने रुग्णांची प्रतिकारशक्ती खचली होती, असे पॉलिंग यांचे म्हणणे पडले. तेव्हा १९८५ मध्ये केमोथेरपी न घेतलेल्या, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या १०० रुग्णांवर पुन्हा चाचणी झाली. निकाल तोच.

पुढे असे दिसले की शिरेतून दिल्यास रक्तातील प्रमाण तोंडावाटे देण्यापेक्षा कितीतरी वाढते. त्यामुळे संशोधन पुन्हा सुरू झाले. २०२४ साली आयोवा विद्यापीठाच्या चाचणीत स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या ३४ रुग्णांमध्ये चांगला गुण दिसला. मात्र चाचणी लहान होती आणि जीवनसत्त्व केमोथेरपीच्या जोडीला दिले होते, तिच्याऐवजी नव्हे. उलट, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ४४२ रुग्णांवरील २०२२ च्या चिनी चाचणीत रोगाची वाढ लांबली नाही. पसरलेल्या स्तनकर्करोगात या उपायाने आयुष्य वाढते, हे अद्याप सिद्ध झालेले नाही.

अपायही आहेत. मूत्रपिंड कमजोर असेल तर मोठ्या मात्रेने ते निकामी होऊ शकते. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असेल तर रक्तपेशी फुटतात. सर्वांत मोठी हानी मात्र खरा उपचार सुटण्याची. दूरवर न पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णांचा येल विद्यापीठाचा अभ्यास २०१८ साली छापून आला. केवळ पर्यायी उपचार निवडणाऱ्या स्तनकर्करुग्णांमध्ये मृत्यूचा धोका पाचपटीहून अधिक आढळला.

रोग पसरला म्हणजे सर्व संपले, असेही नाही. हार्मोनविरोधी गोळ्या, केमोथेरपी व नवी औषधे यांनी अनेक स्त्रियांचा रोग काही वर्षे आटोक्यात राहतो. हाडांची वेदना किरणोपचाराने कमी होते, तीव्र वेदनेसाठी मॉर्फिन आहे.

तेव्हा कोणी नवा उपाय सांगितला तर तीन प्रश्न विचारावेत. तुलना कोणाशी केली? दोन्ही गट सारखे होते काय? चालू उपचार सोडावा लागेल काय? आणि जीवनसत्त्व घेत असल्यास ते डॉक्टरांपासून लपवू नये. सांगणारा कितीही मोठा असला, तरी हे प्रश्न विचारण्यात त्याचा अवमान नाही. पॉलिंग यांच्यासारख्या नोबेलविजेत्यालाही ते विचारले गेले. कर्ज काढून इंजेक्शने घेण्यापूर्वी आपणही ते विचारले पाहिजेत.