मान-परिभाषा : माप आणि वजन यांतील भेद

मानाशिवाय द्रव्यांची योजना होत नाही, हे आपण सर्वांनी भैषज्यकल्पनेच्या आरंभीच शिकलेले असते. तथापि व्यवहारात माप आणि वजन यांची गल्लत अजूनही होते. काही वर्षांपूर्वी येवल्यातील माझ्या चिकित्सालयातही ती झाली. एका वृद्ध रुग्णास अविपत्तिकर चूर्ण ‘एक चमचा’ लिहून दिले. अभिप्रेत मात्रा ३ ग्रॅम होती. घरच्यांनी जेवणाचा मोठा चमचा शिगोशीग भरून दिला आणि रात्रीतून रुग्णास सहा-सात जुलाब झाले. तोच चमचा मागवून वजन केले, तेव्हा चूर्ण १२ ग्रॅमहून अधिक भरले. दोष रुग्णाचा नव्हता. माझ्या लेखनाचा होता.

शार्ङ्गधराचार्यांनी पूर्वखंडाच्या पहिल्या अध्यायात मानाची चर्चा करताना दोन्ही पद्धती सांगितल्या आहेत. गुंजा, माष, कर्ष, पल ही वजने. तर चार अंगुळे रुंद व तितकेच उंच पात्र म्हणजे कुडवाचे माप. गुंजेपासून कुडवापर्यंत द्रव, आर्द्र व शुष्क द्रव्यांचे मान समान असते. प्रस्थापासून पुढे द्रव व आर्द्र द्रव्ये द्विगुण घ्यावीत; परंतु तुलेने सांगितलेले मान कधीही द्विगुण करू नये.

आजच्या प्रचलित रूपांतरानुसार १ कर्ष = १२ ग्रॅम, १ पल = ४८ ग्रॅम, १ कुडव = १९२ ग्रॅम व १ प्रस्थ = ७६८ ग्रॅम. द्रवद्वैगुण्याने द्रवाचा १ प्रस्थ १,५३६ मि.लि. होतो. येथेच सावध राहावे. १,५३६ मि.लि. पाण्याचे वजन सुमारे १,५३६ ग्रॅम भरते. मात्र तितक्याच तिळतेलाचे सुमारे १,४१० ग्रॅम, तर मधाचे सुमारे २,१५० ग्रॅम भरते. तेल मापाऐवजी वजनाने १,५३६ ग्रॅम घेतले, तर ते सुमारे १३० मि.लि. अधिक होते आणि स्नेहपाकातील कल्क, स्नेह व द्रव यांचे १ : ४ : १६ हे प्रमाण बिघडते.

जुन्या हस्तलिखित वह्यांतून योग उतरवताना आणखी एक अडचण येते. ‘शेर’ हे वजनही होते आणि मापही. वजनाचा शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. धान्याचा शेर म्हणजे चार चिपटी, आणि असे चार शेर मिळून एक पायली. धान्याच्या शेरात ज्वारी आणि सुंठचूर्ण सारख्याच वजनाचे मावेल, असे कोण म्हणेल? शिवाय तोळा ११.६६ ग्रॅमचा, कर्ष मात्र १२ ग्रॅमचा धरतात. १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धती आली, तरी या वह्या आपल्या कपाटांत आहेतच.

चूर्णाचा तर नियतांकच देता येत नाही. ताजे दळलेले चूर्ण फुगीर असते, ठोकून बसवलेले दाट. म्हणून औषधनिर्मात्यांनी शुष्क द्रव्ये तराजूवर आणि द्रवे मापपात्राने घ्यावीत. कृतिपत्रकावर प्रत्येक द्रव्यापुढे ग्रॅम की मि.लि. हे स्पष्ट नोंदवावे.

चिकित्सकबंधूंनी आपल्या नेहमीच्या चूर्णांपैकी प्रत्येकाचा ५ मि.लि.चा सपाट चमचा एकदा तोलून पाहावा आणि तो आकडा टेबलावर लावून ठेवावा. पुड्या बांधून देणे शक्य असेल तर उत्तमच. नसेल तर मोजमापाचा चमचा औषधासोबत द्यावा आणि ‘सपाट’ हा शब्द लिहिण्यास विसरू नये. त्या रात्रीनंतर मी हा शब्द एकदाही गाळलेला नाही.