कृत्रिम गोडी आणि अन्नकायदा

उन्हाळा सुरू झाला की शाळेच्या फाटकाशी बर्फगोळ्याच्या आणि रंगीत सरबताच्या गाड्या उभ्या राहतात. त्यांतील गोडी साखरेचीच असते असे नाही. साखरेहून सुमारे तीनशे पट गोड असलेले सॅकरिन थोडक्या पैशांत भरपूर गोडी देते. पोषण मात्र काहीच देत नाही.

सॅकरिनचा शोध १८७९ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात लागला. उंदरांवरील प्रयोगांत मूत्राशयाचा कर्करोग आढळल्यामुळे १९७७ मध्ये तेथे बंदीचा प्रस्ताव आला. परंतु अमेरिकी काँग्रेसने बंदी रोखून वेष्टनावर इशारा छापण्याची सक्ती केली. उंदरातील ती प्रक्रिया माणसाला लागू पडत नाही, असे पुढील संशोधनात दिसून आल्यावर २००० मध्ये हा इशाराही रद्द झाला. तेव्हा सॅकरिन म्हणजे विष, ही समजूत बरोबर नव्हे. प्रश्न मात्रेचा आहे.

अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने सॅकरिनची दैनिक मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ५ मिलिग्रॅम ठरविली आहे. म्हणजे ६० किलो वजनाच्या प्रौढास ३०० मिलिग्रॅम, तर २० किलोच्या मुलास अवघे १००. ही मर्यादा आयुष्यभराचे रोजचे सेवन गृहीत धरून आखलेली असल्यामुळे एखाद्या दिवशी ती ओलांडली तर लगेच अपाय होतो असे नाही. पण बादलीभर सरबतात किती चिमटी भुकटी पडली याचा हिशेब गाडीवाल्यालाही बहुधा ठाऊक नसतो, आणि गिऱ्हाईक तर रोजचेच!

आपल्याकडे १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याची जागा अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ ने घेतली. त्याखालील विनियमांनुसार कृत्रिम गोडी ठराविक पदार्थांत, ठराविक प्रमाणातच वापरता येते आणि तिचे नाव वेष्टनावर छापावे लागते. अस्पार्टेम असल्यास फिनाइलकीटोन्यूरिया या आनुवंशिक विकाराच्या रुग्णांसाठी स्वतंत्र इशाराही द्यावा लागतो. ही सारी व्यवस्था वेष्टनावर उभी आहे. गोळ्याला वेष्टन कुठले?

म्हणून सुट्या पदार्थांच्या बाबतीत स्थानिक लक्ष महत्त्वाचे ठरते. लहान विक्रेत्यांनाही नोंदणी बंधनकारक असून, राज्याचे अन्न सुरक्षा आयुक्त पंचायतीच्या अधिकाऱ्यास नोंदणी प्राधिकारी म्हणून अधिसूचित करू शकतात. शिवाय कलम ४० अन्वये कोणाही खरेदीदारास शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेता येतो. अहवालात नियमभंग आढळल्यास शुल्क परत मिळते. मुख्याध्यापकास वा पंचायत सदस्यास त्यासाठी वेगळ्या अधिकाराची गरज नाही. मात्र तपासणीचा हेतू खरेदीच्या वेळीच विक्रेत्यास सांगावा लागतो.