साठविलेल्या कडधान्यातील कीड व निंबोळीचा अर्क

भुंगेऱ्याची मादी कडधान्याच्या दाण्यावर अंडी घालते. अळी दाणा पोखरून आत वाढते व अखेर वाटोळे छिद्र पाडून भुंगेरा बाहेर येतो. छिद्र दिसते तेव्हा नुकसान होऊन गेलेले असते. आतल्या अळीवर अर्काचा इलाज चालत नाही. म्हणून हा उपाय साठवणीपूर्वीच करावयाचा, हे विद्यार्थ्यांच्या मनावर प्रथम ठसवावे.

कृती : वाळलेल्या निंबोळ्यांची 50 ग्रॅम पूड 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी फडक्याने गाळावी. या अर्कात रिकामी पोती भिजवून पूर्ण वाळवावीत. नंतरच उन्हात वाळवून निवविलेले धान्य त्यांत भरावे. अर्क धान्यावर शिंपडू नये. ओलाव्याने बुरशी येते.

निरीक्षण : अर्कात भिजवून वाळविलेली एक व साधी एक, अशा दोन कापडी पिशव्यांत सारखीच चवळी भरावी. दर आठवड्यास प्रत्येकीतील 100 दाणे तपासून अंड्यांचे पांढरे ठिपके व छिद्रे यांची संख्या मुलांनी वहीत नोंदवावी.

सूचना : ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या राहत्या घरातील धान्यात कदापि ठेवू नयेत. त्यांच्या वायूने माणसे दगावली आहेत. हा इशारा मुलांकरवी घरोघर पोहोचवावा.