‘अ‍ॅज’ला एक अर्थ नसतो

जळगाव

चि. भाचेबाई,


तुझा मेसेज वाचला. धुळ्याला लॉच्या पहिल्या वर्षाला गेलीस आणि कलमं इंग्रजीतून वाचायला लागलीस, हे फार बरं झालं. मोठे शब्द डिक्शनरीत सापडतात, पण हा दोन अक्षरी ‘अ‍ॅज’ दर ओळीत वेगळाच निघतो, तेव्हा त्याचा एकच काय तो अर्थ सांगा, म्हणतेस. तो मी सांगणार नाही. एक अर्थ पाठ केलास की उरलेल्या पाच ठिकाणी हमखास फसशील.

‘अ‍ॅज द ट्रेन एंटर्ड भुसावळ, इट बिगॅन टू रेन.’ इथे तो वेळ दाखवतो: गाडी भुसावळात शिरत असताना. ‘अ‍ॅज इट वॉज रेनिंग, वुई स्टेड होम.’ इथे कारण: पाऊस होता म्हणून. ‘डू अ‍ॅज आय से’ म्हणजे सांगतो तसं कर. ‘अ‍ॅज टॉल अ‍ॅज’ म्हणजे तितकाच उंच. ‘टायर्ड अ‍ॅज ही वॉज, ही वॉक्ड ऑन’ म्हणजे दमला होता तरी चालत राहिला. उन्हाळा वाढत जातो तसतसं विहिरीचं पाणी खाली जातं, यातलं ‘तसतसं’सुद्धा इंग्रजीत ‘अ‍ॅज’वरच भागतं.

हे सगळं एका शब्दात आलं कसं? जुन्या इंग्रजीत ‘ऑल’ आणि ‘सो’ यांचे पूर्वज एकत्र येऊन ‘अगदी तसंच’ अशा अर्थाचा एक शब्द झाला होता. तो बोलण्यात झिजत गेला आणि ‘अ‍ॅज’ उरला. ‘ऑल्सो’ हा त्याचाच कमी झिजलेला भाऊ. म्हणजे मूळ काम सारखेपणा दाखवण्याचं. दोन गोष्टी सारख्या, मग दोन गोष्टी एकाच वेळी, मग एकीमुळे दुसरी, अशी त्याची कामं वाढत गेली.

यात घाबरण्यासारखं काही नाही. आपल्या ‘की’कडे बघ. ‘तो म्हणाला की येतो’, ‘चहा घेशील की सरबत?’, ‘पाऊस पडला की पेरणी’, ‘येतो की!’ चार वाक्यांत चार कामं, आणि तू एकदाही अडखळत नाहीस. कारण तू ‘की’चा अर्थ शोधत बसत नाहीस, त्याच्या दोन्ही बाजूंना काय आहे ते ऐकतेस. ‘अ‍ॅज’ही तसाच वाचायचा. तो क्षणभर झाकून ठेव, दोन्ही वाक्यं वेगळी वाच आणि त्यांचं नातं काय ते मराठीत विचार: असताना, म्हणून, तसं, तितकं, तसतसं की तरी? एकच उत्तर चपखल बसलं तर पुढे जा. दोन बसली तर थांब, कारण वकिलाचं काम तिथेच सुरू होतं.

हे बघ: ‘अ‍ॅज द ट्रक वॉज लीव्हिंग, आय लोडेड द बनानाज.’ रावेरच्या एखाद्या शेतकऱ्याच्या जबाबात हे वाक्य आलं, असं समज. ट्रक निघत असताना त्याने घड भरले, की ट्रक निघणार होता म्हणून भरले? पहिल्या अर्थाने त्याच्याकडून उशीर झाला, दुसऱ्याने त्याने वेळ पाळली. घड काळे पडले आणि भरपाईचा वाद झाला, तर याच एका शब्दावर दोन्ही बाजू भांडतील. म्हणून वाचताना सगळे अर्थ मनात असू दे, पण स्वतः मसुदा लिहिताना कारणासाठी सरळ ‘बिकॉज’ लिही आणि वेळेसाठी ‘व्हेन’ किंवा ‘व्हाइल’.

आपलं ‘म्हणून’ही या बाबतीत साधं नाही. ‘पाऊस आला म्हणून मी थांबलो नाही’ याचे दोन अर्थ होतात. बोलताना आवाजाने कळतं, कागदावर कळत नाही.

कायद्यात याच कुळातले काही ठरलेले प्रयोग आहेत, ते अख्खेच लक्षात ठेव. ‘अ‍ॅज द केस मे बी’ म्हणजे यथास्थिति. अधिसूचनेच्या आरंभीचं ‘व्हेअरअ‍ॅज’ म्हणजे ‘ज्याअर्थी’. तेच साध्या वाक्यात ‘उलट’ किंवा ‘मात्र’ होतं. राज्यघटनेचं कलम 22 काढून बस. पहिल्या खंडात अटकेची कारणं ‘अ‍ॅज सून अ‍ॅज मे बी’, म्हणजे होईल तितक्या लवकर, कळवायला सांगितली आहेत. दुसऱ्या खंडात प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करायला सांगितलं आहे. एकीकडे तास बांधलेले, दुसरीकडे नाहीत. हा फरक मसुदा लिहिणाऱ्यांनी जाणूनबुजून ठेवला आहे, आणि तो टिपता आला पाहिजे.

आपल्या मुलांच्या दोन चुका मी वर्गात वर्षानुवर्षं तपासल्या. ‘ज्याअर्थी–त्याअर्थी’ची सवय असल्यामुळे ‘अ‍ॅज’ने सुरू केलेल्या वाक्यात आपण पुढे ‘सो’ही घालतो. इंग्रजीला दोन्ही नकोत, एक पुरे. दुसरी, ‘अ‍ॅज’ आणि ‘लाइक’ यांची अदलाबदल. ‘ही वर्क्ड अ‍ॅज अ क्लार्क’ म्हणजे तो कारकून होता. ‘लाइक अ क्लार्क’ म्हणजे कारकुनासारखा राबला. साक्षीदाराचा हुद्दा लिहिताना हा घोळ महागात पडेल.

यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि कादंबऱ्या मराठीत लिहीत आले. तेव्हा खानदेशातल्या पोराला इंग्रजी जड जातं, ही सबब माझ्यापुढे चालणार नाही.

आता एवढं कर. रोज एका कलमातले सगळे ‘अ‍ॅज’ पेन्सिलीने अधोरेखित कर, प्रत्येकाचं काम समासात मराठीत लिही, आणि जिथे दोन कामं संभवतात तिथे दोन्ही लिही. महिनाभराने ती वही मला पाठव. मी तपासून देईन.

तुझा,
मामा