घराची दुरुस्ती आणि जोखमीचा विचार

जुन्या सागरी व्यापारात जोखमी हुंडी चालत असे. माल सुखरूप पोचला तरच तिचे पैसे देय होत. म्हणजे माल बुडाल्यास तोटा कोणी सोसावयाचा, हे हुंडी लिहितानाच ठरलेले असे. अशा परंपरेतले आपण व्यापारी स्वतःच्या सदनिकेची भिंत पाडावयास निघालो, की जोखीम कोणाची हा प्रश्न मात्र विचारीत नाही. म्हणून या विषयाकडे बांधवांचे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते.

घराचा विमा उतरला आहे, एवढ्याने निश्चिंत होता येत नाही. १ एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्यांची 'भारत गृह रक्षा' ही एकाच नमुन्याची पॉलिसी चालू आहे. आग, पूर, भूकंप, पाण्याची टाकी वा नळ फुटणे इत्यादी आपत्ती तीत येतात. परंतु पाडकाम, खोदकाम वा रचनेतील फेरबदल यांमुळे जमीन खचून झालेले नुकसान तीतून वगळले आहे. घराच्या रचनेत फेरबदल करावयाचा तर कंपनीस तत्काळ कळविणे हेही विमेदाराचे कर्तव्य आहे. चोरीचे म्हणाल, तर आपत्तीनंतर ७ दिवसांच्या आत व तिच्याच योगाने झालेली चोरी तेवढी भरून मिळते. घरफोडीचा निराळा विमाही सामान्यतः बळजोरीने प्रवेश झाल्यासच लागू होतो. कारागीर तर आपण उघडलेल्या दारातून येतात. सबब दागिने काम सुरू होण्यापूर्वीच बँकेच्या लॉकरमध्ये हलवावेत.

याहून गंभीर प्रश्न परक्याच्या नुकसानीचा. गृहविमा आपल्या घराचे व चीजवस्तूंचे नुकसान भरून देतो; खालच्या शेजाऱ्याचे छत भिजले वा विटेने वाटसरू जखमी झाला, तर ते देणे त्यात येत नाही. त्यासाठी कंत्राटदाराची सर्व-जोखीम पॉलिसी असते. तिच्या एका भागात कामाचे नुकसान व दुसऱ्या भागात त्रयस्थांविषयीची जबाबदारी येते. आपली उभी वास्तू तीत यावयास हवी, तर तसे स्वतंत्र नमूद करून घ्यावे लागते. लहान कामास ती मिळते की नाही, हे कंपनीस आधीच विचारावे. मजुरांच्या अपघात-भरपाईचा विमा याहून वेगळा आहे, हेही ध्यानी असावे.

विम्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. २५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपर येथील सिद्धी साई इमारत, तळमजल्यावर फेरबदलाचे काम चालू असता, कोसळली व १७ जीव गेले. अशी हानी कोणतीही पॉलिसी भरून देत नाही. म्हणून खांब, तुळई वा भार पेलणारी भिंत यांस संरचना अभियंत्याच्या लेखी सल्ल्यावाचून व सोसायटी आणि नगरपालिका यांच्या परवानगीवाचून हात लावू नये.

सारांश, विसार देण्यापूर्वी तीन कागद हाती असावेत : विमा कंपनीस दिलेल्या सूचनेची पोच, कंत्राटदाराच्या पॉलिसीची प्रत, आणि नुकसान झाल्यास ते कोणी भरावयाचे हे स्पष्ट लिहिलेला करारनामा. वजनमाप न लिहिता आपण धान्याचे एक पोतेही बाहेर पाठवीत नाही. मग ज्या छपराखाली मुलेबाळे निजतात, त्याचा व्यवहार तोंडी का असावा?